आकाशाला लावलेले झाकण

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत मी एका किळसेचा उगम, तिची वाढ आणि तिचे कायमचे वास्तव्य यांचे यथाशक्ती निवेदन करणार आहे. या कथेत खून नाही, प्रेमभंग नाही, कोणी घर सोडूनही जात नाही. एक प्रबंध लिहिला जातो, बांधला जातो आणि मान्य होतो, इतकेच घडते. माझे शिक्षण शाळेत अर्ध्यावरच सुटले. परंतु विद्यापीठाच्या मागील फाटकाला लागून असलेल्या गल्लीत प्रबंध बांधण्याचा माझा व्यवसाय असल्यामुळे, खळ वाळेपर्यंतच्या रिकाम्या वेळात मी समोर येईल ते वाचीत आलो. विषय कळत नसत. प्रस्तावना मात्र कळत. त्यामुळे माझी भाषाही प्रस्तावनांसारखी झाली आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे, आणि जे सांगतो आहे ते खरे मानावे.

ती एक साधी दुपार होती. गल्लीतील झेरॉक्सची यंत्रे आपापल्या दारात घरघरत होती आणि मी पातेल्यातील खळीत, तिला कीड लागू नये म्हणून, मोरचूद घालून ती ढवळीत होतो. माझा धाकटा भाऊ, ज्याला घरात लहानथोर सगळे धाकटा असेच म्हणतात, आपल्या प्रबंधाच्या छापील प्रती घेऊन आला. गठ्ठा त्याने कातरयंत्राशेजारी ठेवला, स्टूल ओढले, माझ्या कपातील चहात माझेच बिस्किट बुडवले आणि म्हणाला, "दादा, एक गंमत सांगू? ती लाट आहे ना, ती खोटी आहे." असे म्हणून तो हसला. हसताना त्याच्या तोंडातील भिजलेल्या बिस्किटाचा एक कण उडाला आणि माझ्या मनगटावर चिकटला. मी त्या कणाकडे पाहत राहिलो. कोमट, पिवळसर, थुंकीने चकाकणारा. मी आयुष्यभर खळीत हात घातलेला माणूस आहे. आंबलेल्या खळीचा, ओल्या पुठ्ठ्याचा, उंदरांनी कुरतडलेल्या कापडाचा वास मला कधी वास वाटला नाही. पण तो कण मला पुसता येईना. तो पुसण्यासाठी त्याला बोट लावावे लागले असते.

लाट आमच्या घरात कित्येक वर्षे राहत होती. एखादा पाहुणा राहावा तशी नव्हे, तर एखादा आजारी माणूस राहावा तशी. तिच्यासाठी दारे हळू लावली जात. धाकट्याचा विषय वातावरणातील हालचालींना गणित लावण्याचा. एके संध्याकाळी जेवताना त्याने ताट बाजूला सारून, उष्ट्या हातानेच हवेत डोंगर काढून आम्हांला ती लाट समजावली होती. वारा डोंगरावरून जातो तेव्हा वरच्या हवेत लाटा उठतात. त्या उंच उंच जातात. आतापर्यंत सगळे समजत की त्या तिकडेच विरतात. पण धाकट्याच्या गणितात त्यांतील एक लाट वरून परत फिरत होती आणि खाली येऊन वादळाचा जोर मोडत होती. आई भाकीत ऐकावे तशी ऐकत होती. "म्हणजे एवढं लांब जाऊन परत येते?" तिने विचारले. "येते." "बिचारी," आई म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून जिन्यावर भेटेल त्याला ती सांगू लागली की माझ्या धाकट्याने आकाशात लाट शोधली. माझी पत्नी मात्र भांडी विसळताना मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आकाशात लाट आणि आमच्या नळाला थेंब नाही." तरीही भांडी ती हळूच विसळत असे. मी हे सर्व अशासाठी लिहितो की, लाट खोटी आहे हे वाक्य उच्चारायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात आमच्या घरातील किती शांतता खोटी ठरली, याची वाचकांना कल्पना यावी.

"खोटी म्हणजे काय?" मी विचारले.

"अरे, आकाशाला वर टोक नाही. पण संगणकाला टोक लागतं. किती वरपर्यंत मोजणार? म्हणून आम्ही गणितात वर एक झाकण ठेवतो. पातेल्यावर ठेवावं तसं."

"मग?"

"मग लाट जाऊन त्या झाकणाला आपटते आणि परत येते. ती आपटू नये म्हणून झाकणाच्या खाली लाटा पिऊन टाकणारा एक जाड थर ठेवायचा असतो, स्पंजासारखा. मी तो पातळ ठेवला. गणित लवकर सुटावं म्हणून. परवा सहज झाकण वर सरकवून बघितलं, तर लाटही बरोब्बर तेवढीच वर सरकली." तो पुन्हा हसला. "म्हणजे ती आकाशाची नाहीच. माझ्या झाकणाची आहे. इतकी वर्षं मी माझ्याच झाकणाचा अभ्यास करत होतो, दादा!"

"सरांना सांगितलंस?"

"सांगितलं ना. सर म्हणाले, झाकण जिथं आहे तिथंच राहू दे. सरकवायला तुला कुणी सांगितलं होतं?"

आणि यानंतर त्याने आणखी एक बिस्किट उचलले. महिनाअखेरीस त्याच्या नोंदणीची मुदत संपत होती. एका महाविद्यालयात पदवीच्या भरवशावर त्याची जागा राखून ठेवलेली होती. हे सारे त्याने बोटांवर मोजीत सांगितले. "आणि वाचतंय कोण प्रबंध? तीन परीक्षक आणि वाळवी. त्यातली वाळवीच तेवढी शेवटपर्यंत जाते." हा विनोद माझाच होता. मीच तो गिऱ्हाइकांना ऐकवीत असे. परक्या तोंडात आपला दात पाहावा तसे मला झाले.

असत्याचे मला वावडे आहे असे वाचकांनी समजू नये. माझ्या दुकानात बसून मार्गदर्शकाला शेलक्या शिव्या घालणारे विद्यार्थी, त्याच मार्गदर्शकाच्या ऋणातून उतराई होणे अशक्य आहे असे छापलेले पान माझ्या हाती देतात, आणि मी ते पान अग्रभागी लावून शिवतो. मला किळस आली ती हसण्याची. कारण या धाकट्याचे दुसरे एक तोंड माझ्या स्मरणात होते. मी शाळा सोडून एका बांधणीवाल्याकडे पुठ्ठे कापू लागलो होतो तेव्हाची गोष्ट. गणिताच्या पुस्तकात शेवटी छापलेले एक उत्तर चुकीचे आहे, असे हा वर्गात म्हणाला. मास्तरांनी त्याला बाकावर उभे केले, कान पिळला, आणि उत्तर बरोबर आहे असे म्हणवून घेण्याचा प्रयत्न केला. मी त्याला घ्यायला गेलो तेव्हा शाळा रिकामी झाली होती आणि हा अद्याप बाकावर उभा होता, नाकातून पाणी वाहत होते, कान लाल झाला होता, आणि हुंदके देत देत तो म्हणत होता, "चुकलंय ते, दादा, चुकलंय." मी शर्टाच्या बाहीने त्याचे नाक पुसले. त्या वेळी मला घाण वाटली नाही. उलट, ज्या बाहीवर ते नाक लागले होते ती बाही घेऊन मी दिवसभर मिरवल्यासारखा काम करीत होतो. त्या मुलाच्या ओठांवरून आता हा चहा गळत होता.

"एकदा उघड सांग," मी म्हणालो. "कुणापुढेही सांग. पदवी मिळो न मिळो, मी दुकान चालवतोय अजून."

"सांगीन रे. वेळ आली की सांगीन."

"कधी?"

"तू बांधणार आहेस का? की समोर देऊ?"

समोरचा बांधणीवाला तार ठोकतो. त्याचे प्रबंध दुसऱ्यांदा उघडले की पाने पायात येतात. मी गठ्ठा माझ्याकडे ओढला. खोटे असेल तर असो, पण ते वाकडे शिवलेले मला पाहवणार नाही, असे मी त्या क्षणी मनाशी म्हणालो, आणि हे वाक्य मला इतके सज्जनपणाचे वाटले की दुसऱ्याच क्षणी त्याचीही शिसारी आली.

पुढील दिवसांत ते सर स्वतः दुकानात आले. त्यांना पान उलटताना अंगठा जिभेला लावायची सवय आहे. अंगठा जाड, नख पिवळे, जीभ तत्पर. कोऱ्या, नुकत्याच कातरलेल्या कडांवर त्यांच्या थुंकीचे अर्धगोल एकामागून एक उमटत गेले, आणि प्रत्येक अर्धगोल सुकेपर्यंत मी त्याकडे पाहत राहिलो. "वा, पुठ्ठेकाका! अक्षरं सोनेरीच टाका हं. पाहुणे मोठे येणार आहेत. हवामान कार्यालयाच्या बाई येणार आहेत खास ह्या लाटेसाठी." गल्लीत मला सगळे पुठ्ठेकाका म्हणतात; सर माझ्याहून वयाने मोठे आहेत, तरी म्हणतात. मी धीर करून म्हणालो, "सर, ते झाकणाचं काय ते..." सरांचा अंगठा जिभेपाशीच थांबला. मग ते मायेने हसले. "धाकटे बंधू घरी फार बोलतात वाटतं? अहो काका, गणित म्हटलं की कुठेतरी झाकण आलंच. तुमच्या दुकानाला छप्पर आहे ना? मग? तुम्ही काय त्यामुळे आकाश खोटं म्हणता?" ते इतके सुंदर वाक्य होते की मी मान डोलावली. ते गेल्यावर बराच वेळ मी त्या वाक्यात काय चुकले आहे हे शोधीत होतो. काहीतरी चुकलेले होते एवढे कळत होते. ज्या माणसाचे शिक्षण अर्ध्यावर सुटते त्याला बहुधा एवढेच कळत राहते.

प्रती शिवताना मी लाटेच्या प्रकरणाशी येऊन अडखळे. चित्रात ती लाट होती: निळ्या-तांबड्या रेघांची, वर जाऊन नाजूक वळण घेऊन परतणारी. दिसायला ती खरोखरच सुंदर होती. वाचकहो, मला तिचा सर्वांत अधिक तिटकारा आला तो या सुंदर दिसण्यामुळे. सुई मी तिच्या पोटातूनच काढीत होतो, दोरा मेणाने चिकट झाला होता, आणि प्रत्येक टाक्याला मला वाटे की मी एखाद्या मेलेल्या जिवाचे तोंड शिवतो आहे, अशासाठी की त्याने मागाहून काही बोलू नये. प्रती दाबाखाली ठेवल्या तेव्हा पुठ्ठ्यांच्या कडांतून खळ बाहेर आली. ती बोटाने निपटून काढावी लागते. मी चिंधीने निपटली. माझ्या धंद्यात चिंधी वापरणारा माणूस आळशी समजला जातो, आणि मी आळशी नाही.

त्या दिवसांत रस्त्याने चालताना मला वर पाहायची भीती वाटू लागली. पूर्वी आकाश म्हणजे वर काही नसणे, असा माझा सरळ समज होता. आता ते कुठेतरी थांबते आहे असे वाटे. बसथांब्यावरील माणसांचे बोलणे, फेरीवाल्यांच्या हाका, भिंतीमागील बायांचे भांडण, हे सगळे वर जाऊन कशाला तरी थडकून जरा शिळे होऊन परत येत आहे, आणि आपण ते नव्याने ऐकतो आहोत असे समजून उत्तरे देत आहोत. घरी तर हे स्पष्टच होते. आई विचारी, "झाला का बांधून माझ्या लेकाचा ग्रंथ?" मी म्हणे, "झाला." ती म्हणे, "झाला बाई एकदाचा." पत्नी म्हणे, "झाला ना?" एकच शब्द भिंतीवरून घरंगळत ताटात पडे. एकदा जेवता जेवता मी घास तसाच ठेवून उठलो. पत्नी मागोमाग मोरीपर्यंत आली. "पित्त झालंय का?" ती म्हणाली. मी मान हलवली. "मग काय झालंय? भाऊ डॉक्टर होतोय, आणि तुमचं तोंड सुतकी." मी तिला सांगितले. झाकण, स्पंज, सर, सगळे. ती पदराला हात पुसत ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आईंना सांगू नका." आणि थोड्या वेळाने, अगदी समजूतदार आवाजात, "नोकरी लागली की वेगळं बिऱ्हाड करतील ना ते? एक खोली मोकळी होईल." तिचे चुकले असे मी म्हणत नाही. खोली खरोखरच लहान आहे. परंतु त्या समजूतदार आवाजानंतर मी ताटाकडे परत गेलो नाही.

शेवटी तो दिवस आला. उघड परीक्षा होती. कोणीही येऊन बसावे असा नियम असल्याने मीही दुकान बंद करून गेलो. आईचे गुडघे जिना चढू देईनात, म्हणून ती आली नाही. शेवटच्या बाकावर मी बसलो. समोर मी बांधलेल्या प्रती, सोनेरी अक्षरे, त्यांवर सरांचा हात. धाकटा उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस. तो बोलला तेव्हा तो फारच चांगला बोलला. डोंगर, वारा, लाट. पडद्यावर ती निळी-तांबडी लाट प्रकटली तेव्हा पुढील रांगेतून दाद आली. बाहेरगावचे परीक्षक वयस्कर होते. त्यांनी दोन जागी स्वल्पविराम सुचवला आणि एका संदर्भाचे साल विचारले. झाकणाबद्दल कोणीच काही विचारले नाही. त्या बंद खोलीत पंखा फिरत होता आणि इतक्या माणसांच्या श्वासांचा, अत्तराचा, तेलकट केसांचा एकत्र दर्प माझ्या नाकाशी येत होता. मी मनात एकच वाक्य घोटत होतो: आता वेळ आली आहे, आता सांग.

तेव्हा हवामान कार्यालयाच्या बाई उठल्या. साधी, ठेंगणी, चष्मेवाली बाई. बोलणे अगदी सरळ. "मला गणितातलं फारसं विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "आमचं काम किनाऱ्यावरच्या लोकांना वेळेवर सांगायचं, की घरं सोडा. तुमची लाट आमच्या गणितात घातली, तर वादळ किनाऱ्याशी यायच्या आधीच मंदावताना दिसतं. म्हणजे निम्म्या वेळा आम्हाला लोकांना हलवायची गरज पडणार नाही. मला फक्त एवढंच सांगा, आम्ही ती वापरू का?"

धाकट्याचा चेहरा मला शेवटच्या बाकावरूनही दिसला. तीन परीक्षक आणि वाळवी, यांच्यापलीकडे कोणी ते पान उघडील हे त्याच्या हिशेबात नव्हते. हातातील काठी पडद्यावरील लाटेवर तशीच टेकलेली राहिली. आणि मी डोळ्यांनी पाहिले, त्याचा कान लाल होत गेला, तोच कान, बाकावर उभ्या असलेल्या पोराचा. मी जागच्या जागी अर्धा उभा राहिलो.

"वापरू नका," तो म्हणाला.

मी आपणांस शपथेवर सांगतो, त्या क्षणी माझ्या अंगावर किळसेचा मागमूस नव्हता.

"का?" बाईंनी विचारले.

त्याने तोंड उघडले. पण त्याआधीच सर खुर्चीतून उठले, दोन्ही हात पसरून, हसत हसत. "बघा! हे असं आहे. इतकी वर्षं मी सांगतोय, बाबा रे, तुझं काम मोठं आहे, तर म्हणतो, नाही सर, अजून कच्चं आहे, अजून वापरू नका! आजकालच्या काळात असा विनय..." आणि टाळ्या पडू लागल्या. प्रथम पुढची रांग, मग सगळे. वयस्कर परीक्षकांनी तर डोळे पुसले. बाई अद्याप उभ्याच होत्या, त्यांच्या ओठांवर तो "पण का?" दिसत होता, ऐकू येत नव्हता. धाकट्याने टाळ्यांकडे पाहिले. मग सरांकडे पाहिले. मी मनातल्या मनात ओरडत होतो, एक वाक्य, धाकट्या, फक्त आणखी एक वाक्य. त्याच्या उघड्या तोंडातून ते वाक्य परत आत जाताना मी पाहिले. ते त्याने गिळले. गळा वर-खाली झाला, सावकाश, चवीने. मग त्याने मान लववली आणि लाजल्यासारखा हसला. टाळ्या वाढल्या.

तदनंतर बाहेरील मार्गिकेत फराळाच्या बशा फिरू लागल्या. बाई त्याच्यापाशी आल्या. "इतका प्रामाणिक माणूस मी या क्षेत्रात पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही काळजी करू नका. आम्ही बेताबेतानेच वापरू. पुढच्या हंगामापासून." मी जवळच उभा होतो. मी वाट पाहिली. "तुम्ही ठरवाल ते," धाकटा म्हणाला.

त्या गेल्यावर त्याने मला दंडाला धरून भिंतीकडे नेले. त्याच्या हाताला घाम आला होता. तो घाम माझ्या शर्टातून आत उतरला. चेहरा मात्र मोकळा, उजळ, ताप उतरलेल्या माणसासारखा. "दादा," तो हळूच म्हणाला, "ऐकलंस ना तू? मी सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं. वापरू नका म्हणालो की नाही मी?"

तो माझ्याकडे पाहत होता. त्याला माझ्याकडून पदवीपेक्षाही तो होकार हवा होता. मला दिसले की तो हे मला पुढील हंगामात विचारणार आहे, आणि कुठे किनाऱ्यावर काही झाले तर त्या दिवशी विचारणार आहे, आणि आम्ही दोघे म्हातारे झाल्यावरही विचारणार आहे. आणि त्याचे शब्द खरे आहेत, तो खरोखरच म्हणाला होता.

"ऐकलं," मी म्हणालो.

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि आतून कोणीतरी छायाचित्रासाठी हाक मारली म्हणून गेला. माझा दंड ज्या जागी त्याने धरला होता ती जागा मी शर्टाने पुसली, आणि मग तो शर्ट अंगातून केव्हा काढता येईल याचा विचार करीत मी जिना उतरलो.

येथे माझे निवेदन समाप्त होते. ज्या वाचकांनी आपला अमूल्य वेळ खर्चून ते शेवटपर्यंत वाचले, त्यांचा मी ऋणी आहे, आणि हे मी छापण्यापुरते म्हणत नाही. प्रबंध बांधणाऱ्याला आजवर शेवटपर्यंत कोणी वाचलेले नव्हते.

आपला नम्र,
पुठ्ठेकाका
(गल्लीत याच नावाने विचारावे, दुसरे नाव कोणी सांगू शकणार नाही.)